मालवण आधी, मुंबई नंतर: त्सुनामीच्या आगमनकाळाचा नकाशा कसा करावा आणि कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंधुदुर्गातल्या एका किनारी तालुक्याच्या आपत्ती आराखड्यासाठी त्सुनामीच्या आगमनकाळाचा नकाशा करायचा आहे. गेब्कोची, म्हणजे जगभरच्या समुद्राच्या खोलीच्या खुल्या नकाशाची, समुद्रतळाची माहिती उतरवून घेतली, मकरानच्या (पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यावरच्या) १९४५ च्या भूकंपाचं केंद्र टाकलं आणि दर १५ मिनिटांच्या समकालरेषा, म्हणजे लाट एकाच वेळी जिथे पोहोचते ती ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, काढल्या. मालवणच्या किनाऱ्याला साधारण पावणेचार तास आले. हे पावणेचार तास लोकांना हलवायला मिळतात असं धरायचं का? रेषा ५ मिनिटांच्या काढल्या तर नकाशा जास्त अचूक होईल का? आणि होड्यांचं काय?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आहे. होड्यांचं उत्तर जरा अवघड आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी एक दिलासा देतो. तुमचा आकडा चुकलेला नाही. मी हाताने ढोबळ गणित केलं तरी त्याच्याच आसपास येतो. ते गणित इथे करून दाखवतो, कारण नकाशा नेमकं काय सांगतो ते त्यातूनच कळतं.

त्सुनामीचा वेग फक्त पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोली गुणिले गुरुत्वत्वरण, त्याचं वर्गमूळ. ३,००० मीटर खोल पाण्यात हा वेग ताशी ६२० किलोमीटरच्या घरात जातो, १०० मीटरला ११३, ५० मीटरला ८०, १० मीटरला ३६. म्हणजे भरसमुद्रात विमानाशी स्पर्धा करणारी लाट आपल्या किनाऱ्याजवळ येता येता एसटीच्या वेगाला येते. तेव्हा आगमनकाळाचा नकाशा हा मुळात खोलीचाच नकाशा असतो, फक्त मीटरांऐवजी मिनिटांत काढलेला.

आता मुंबई घ्या. २८ नोव्हेंबर १९४५, भारतीय वेळेनुसार पहाटे ३ वाजून २६ मिनिटं. मकरानच्या किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. मुंबईला लाट पोहोचली ती सकाळी आठच्या सुमारास, आणि तिने इथेही माणसं ओढून नेली. मुंबईतल्या मृतांचा आकडा १५ असा नोंदला गेला आहे. वाट साधारण बाराशे किलोमीटरांची. त्यातले खोल पाण्यातले नऊशे किलोमीटर लाट दीड तासात कापते. उरलेल्या तीनशे किलोमीटरांना मात्र तिला सव्वातीन तास लागतात. कारण मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, अफाट रुंद आहे. मुंबई हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरांवर आहेत आणि तिथेही पाणी जेमतेम ७५ मीटर.

मालवण मकरानपासून मुंबईपेक्षा दूर. पण मालवणसमोरची समुद्रबूड जमीन मुंबईच्या साधारण एक तृतीयांश रुंदीची. लाट तेराशे-चौदाशे किलोमीटर खोल पाण्यातून सव्वादोन तासांत येते आणि शेवटचे शंभर-सव्वाशे किलोमीटर दीड तासात. बेरीज पावणेचार तास. म्हणजे दूर असलेल्या मालवणला लाट आधी आणि जवळ असलेल्या मुंबईला तासाभराने नंतर. एका बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी नकाशा उलटा धरलाय का असं विचारलं होतं. त्यांचं चुकलं नाही. ‘उत्तरेकडून येतंय म्हणजे आधी मुंबई, मग रत्नागिरी, मग आपण’ हा हिशोब सगळ्यांच्याच डोक्यात असतो. तुमच्या आराखड्यात पहिलं वाक्य हेच लिहा: मुंबईत काय होतंय ते बघून मग हलू, असं ठरवू नका.

आता अचूकतेकडे येऊ. वरच्या गणितात खोल समुद्रातली चूक फारशी नडत नाही. तीन हजार मीटरांत शंभर मीटर इकडेतिकडे झाले तर सव्वादोन तासांत दोन-तीन मिनिटांचा फरक. पण उथळ पाण्यात सरासरी खोली १० टक्के चुकली की वेळ ५ टक्के चुकते, म्हणजे दीड तासात चार-पाच मिनिटं. गेब्कोची जाळी साधारण साडेचारशे मीटरांची आहे, आणि त्यातल्या प्रत्येक चौकटीत कुणी दोर सोडून खोली मोजलेली नाही; जिथे जहाजांच्या नोंदी नाहीत तिथे आजूबाजूच्या आकड्यांवरून आणि उपग्रहांच्या मोजमापांवरून भरलेली आहे. त्यामुळे पाच मिनिटांच्या रेषा काढणं म्हणजे वीतभर पट्टीने केस मोजणं. किनाऱ्याला १५ मिनिटांचे पट्टे ठेवा आणि नियोजनासाठी पट्ट्यातली सर्वांत आधीची वेळ धरा.

उथळ भागासाठी गेब्कोवर अवलंबून राहू नका. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे सागरी नकाशे घ्या, बंदरांजवळचे सर्वेक्षण मेरीटाइम बोर्डाकडे असतात तेही मागा. पण ते जोडताना एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. सागरी नकाशातली खोली जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. जमिनीची उंची मात्र सरासरी समुद्रपातळीपासून असते. मुंबईत या दोन शून्यांमध्ये अडीच मीटरांचं अंतर आहे. दक्षिणेकडे ते कमी होत जातं. मी सुरुवातीच्या काळात हे दोन्ही थर सरळ एकमेकांवर ठेवले आणि एका खाडीचं मुख चक्क कोरडं पडलं. लाट मुखाशी येऊन थांबली, आणि खाडीच्या आतली गावं नकाशात सुरक्षित हिरव्या रंगात. आठवडाभर मी त्या हिरव्या रंगावर खूश होतो.

खाड्यांची दुसरी अडचण जाळीची आहे. मुख दोनशे मीटर रुंद आणि चौकट साडेचारशे मीटरांची, तर संगणकाला ती खाडी दिसतच नाही. कर्ली, गड, तेरेखोल, वर रत्नागिरीकडे वाशिष्ठी, सगळीकडे हेच. म्हणून मुखापासून आत वेगळं, बारीक जाळीचं गणित करा. ५ मीटर खोलीला वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या घरात, म्हणजे दहा किलोमीटर आतल्या गावाला मुखानंतर साधारण २४ मिनिटांनी. खाडीत पाणी कोंडतं आणि उंचीही वाढू शकते, आणि ते समकालरेषांच्या नकाशात अजिबात दिसत नाही. ‘आमचं गाव समुद्रावर नाही’ असं म्हणणारी माणसं बहुतेक खाडीकाठचीच असतात.

यानंतरची चूक मोठी आहे: तुम्ही भूकंपाचं केंद्र हा एक बिंदू धरला आहे. एवढा मोठा भूकंप बिंदूत होत नाही. २६ डिसेंबर २००४ ला केंद्र सुमात्राजवळ होतं, पण फाटलेला पट्टा तिथून उत्तरेला निकोबार, अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर होता. नुसतं केंद्र धरून गणित केलं असतं तर चेन्नईला लाट खऱ्यापेक्षा उशिरा येताना दिसली असती. प्रत्यक्षात भूकंप सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी आणि मरीनावर पाणी नऊच्या सुमारास. स्थलांतराच्या नियोजनात उशिराकडे झुकणारी चूक माफ नसते. म्हणून मकरानचा संपूर्ण पट्टा घ्या, पूर्वेकडचा पाकिस्तानातला भाग, पश्चिमेकडचा इराणमधला भाग, आणि दोन्ही एकदम फाटले तर, असे निदान तीन प्रसंग. प्रत्येक प्रसंगात पट्ट्याच्या सगळ्या कडेवरून लाटा सोडा आणि किनाऱ्यावर जी सर्वांत लवकर येते ती वेळ धरा. सुमात्रा-अंदमानचाही एक प्रसंग ठेवा. २००४ ची लाट श्रीलंकेला वळसा घालून आपल्या बाजूला आली होती. मुरगाव बंदराच्या भरतीमापकावर ती त्याच दिवशी दुपारी नोंदली गेली.

एक जुनी युक्ती सांगतो, ती मला अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते. लाटेला जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उलट यायला. तेव्हा मालवण बंदरात काल्पनिक खडा टाका आणि लाटा बाहेर समुद्राकडे जाऊ द्या. जो नकाशा येईल त्यावर समुद्रातल्या कुठल्याही ठिकाणी बोट ठेवलं की तिथे भूकंप झाला तर मालवणला लाट किती वेळात येईल ते वाचता येतं. एका बंदराला एकच नकाशा, हजार प्रसंगांना पुरणारा. १९४६ च्या अल्यूशियन त्सुनामीने हवाईत माणसं मारल्यावर होनोलुलूसाठी असेच तक्ते केले गेले, तेव्हा संगणक नव्हते. तुमच्या नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर हा उलटा नकाशा लावा. वीज गेली, इंटरनेट गेलं, तरी भिंत जात नाही.

आता मूळ प्रश्न, पावणेचार तास खरोखर हातात असतात का?

नकाशा सांगतो ती पहिल्या लाटेच्या पुढच्या टोकाची वेळ. ती लाट सर्वांत मोठी असेलच असं नाही, पुष्कळदा नसतेच. १९४५ ला कराचीत पहिली लाट पहाटे साडेपाचच्या सुमारास आली, पुढच्या सात, पावणेआठच्या आसपास, आणि सर्वांत मोठी सव्वाआठला, भूकंपानंतर जवळजवळ पाच तासांनी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कराची आणि मुंबईच्या अपोलो बंदरच्या भरतीमापकांच्या जुन्या नोंदी घेऊन याचा अभ्यास केला आहे: मकरानच्या समुद्रबूड जमिनीवर लाटांची ऊर्जा अडकून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत राहते. १९६० ला चिलीच्या भूकंपानंतर हवाईच्या हिलो गावात भोंगे वाजले, पहिली लाट मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी आली, किरकोळ होती. लोक खाली उतरले. एकच्या सुमारास तिसरी आली आणि ६१ माणसं गेली. १९६४ ला कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत चौथ्या लाटेने हेच केलं. म्हणून आगमनकाळाच्या नकाशाला जोडून प्रत्येक बंदरासाठी पाणी किती तास वरखाली होईल याचा आलेख द्या, निदान बारा तासांचा. समकालरेषा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तो मिळत नाही. पूर्ण लाटेचं गणित करणारं प्रारूप चालवावं लागतं.

सुरुवातीच्या बाजूनेही वेळ कातरला जातो. हैदराबादच्या इन्कॉइस या राष्ट्रीय सागरी माहिती संस्थेतलं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून चालू आहे आणि मोठ्या भूकंपानंतर साधारण दहा मिनिटांत पहिलं पत्रक काढतं. पण त्यांच्या कार्यपद्धतीत एक फरक आहे तो समजून घ्या. लाट तासाभराच्या आत जिथे पोहोचते, उदाहरणार्थ अंदमानच्या भूकंपासाठी पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), तिथे नुसत्या भूकंपाच्या माहितीवर सर्वोच्च इशारा जातो. तासापेक्षा लांबच्या किनाऱ्यांना आधी कमी दर्जाचा इशारा, आणि खोल समुद्रातल्या तळदाब मोजणाऱ्या यंत्रांनी किंवा भरतीमापकांनी लाट पाहिल्यावर तो वाढवला किंवा मागे घेतला जातो. हे योग्यच आहे. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ चा भूकंप झाला, पण तो आडव्या सरकण्याचा होता, पाणी फारसं हललंच नाही. प्रत्येक मोठ्या भूकंपाला सगळा किनारा पळवला तर तिसऱ्या वेळी कुणी उठणार नाही.

पण याचा अर्थ कोकण कायम ‘लांबच्या’ वर्गात. पक्का इशारा यायला तास-दीड तास गेला असं धरा. मग मंत्रालय, जिल्हा, तालुका, गाव. पहाटे साडेतीनला. पावणेचारातले सव्वादोन-पावणेतीन राहिले म्हणायला हरकत नाही, आणि शेवटची ३० मिनिटं मोकळी सोडायची, कारण तेव्हा कुणी रस्त्यावर असता कामा नये. तरी साधारण दोन तास. कोकणासाठी हे भरपूर आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. घाबरवणारे आराखडे मी खूप पाहिलेत. दोन तासांत माणसं उठवून, आजीला खुर्चीवर बसवून, गोठा सोडून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, जाता येतं. आपल्याकडे चढण जवळ आहे. कोकणातली भीती उशिराची कमी आणि लवकर परतण्याची जास्त. आणि कुतूहलाची. मोबाइलवर ‘८ वाजता लाट’ असा निरोप फिरला तर आठला पुळणीवर किती जण उभे असतील ते मला विचारू नका, उधाणाच्या वेळी मरीन ड्राइव्हवर काय होतं ते बघा.

अंदमान-निकोबारला हाच नकाशा जवळजवळ निरुपयोगी आहे. तिथे लाट मिनिटांत येते, तिथे भूकंप हीच घंटा. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या अनुभवापासून ‘स्मोंग’ हा शब्द तोंडी चालत आला होता: जमीन हलली, समुद्र मागे गेला की डोंगरावर पळा. २००४ ला तिथे लाट दहा मिनिटांच्या आत पोहोचली, आणि बेटावरच्या साधारण ७८ हजार लोकांपैकी ७ जण गेले. आपल्याला ही घंटा ऐकू येणार नाही. मकरानचा हादरा मालवणात जाणवेलच असं नाही. म्हणून जपान किंवा अंदमानच्या पुस्तिकेतलं ‘हादरा बसला की पळा’ हे वाक्य नुसतं उचलून आपल्या फलकावर लिहिलं तर त्याखालचं ‘हादरा नाही म्हणजे धोका नाही’ लोक आपोआप वाचतात.

आता जमिनीवर या. आगमनकाळाच्या शेजारी दुसरा नकाशा लागतो: प्रत्येक घरापासून सुरक्षित जागेपर्यंत चालत किती वेळ. जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याच्या प्रणालीत, अंतरापेक्षा श्रमाचा हिशोब करणारं साधन असतं. वाळू, चढ, वहाळ यांना वेगवेगळं वजन द्या. चालण्याचा वेग तरुणाचा धरू नका, सेकंदाला एक मीटरपेक्षा कमीच धरा. आणि मग ते सगळं बाजूला ठेवून रात्री विजेरी घेऊन स्वतः चाला. आम्ही एका गावात गावकऱ्यांबरोबर असे चाललो तेव्हा संगणकाच्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट लागली. कारण नकाशातली पाखाडी (पायऱ्यांची वाट) होती, पण मध्ये एका बागायतदाराने फाटक घातलं होतं, आणि किल्ली तालुक्याच्या गावी.

तुमच्या तालुक्यात खरी परीक्षा देवबागची. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, बाहेर पडायला तारकर्लीवरून जाणारा एकच रस्ता. सडा पलीकडच्या तीरावर दिसतो, पण मध्ये खाडी. तिथे पर्यटक, न्याहारी-निवासाची घरं, हंगामात गाड्यांची रांग. बाकी गावांना पायी दहा-पंधरा मिनिटं पुरत असतील तर देवबागला सगळे दोन तास लागू शकतात. म्हणून तालुक्याला एकच सरासरी वेळ देऊ नका. देवबागचा निर्णय बाकीच्यांच्या आधी, कच्च्या इशाऱ्यावरच घ्यायचा असं लिहून ठेवा. होडीने पलीकडे नेण्याची कल्पना कुणीतरी मांडेलच. लाटेच्या वेळेला खाडीच्या मुखाशी भरलेली होडी, हे मी कागदावरही येऊ देणार नाही.

भरती-ओहोटीचा तक्ता नकाशाला टाचून ठेवा. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरांच्या पुढे जातो, मालवणात निम्म्याच्या आसपास. दोन मीटरांची लाट ओहोटीला आली तर पुळणीवरच विरेल, उधाणाच्या भरतीला आली तर माडांच्या बागेतून घरात शिरेल. वेळ तीच, परिणाम वेगळा. आणि पाणी कित्येक तास वरखाली होणार असल्याने एखादी भरती त्यात सापडणारच असं धरून पुराची रेषा काढा.

होड्या. पॅसिफिकच्या पुस्तिकांत सल्ला असतो की इशारा येताच बोटी १०० वावांपलीकडे न्या. तिथे बंदराबाहेर थोड्याच अंतरावर तेवढं पाणी मिळतं. आपल्याकडे १०० वाव, म्हणजे सुमारे १८३ मीटर, मालवणपासून शंभर किलोमीटरांच्या पुढे आहे. ताशी पंधरा किलोमीटरने जाणाऱ्या ट्रॉलरला सात तास. तेवढ्यात लाट येऊन गेलेली. म्हणून बंदरातल्या तांडेलांना, म्हणजे नौकांच्या प्रमुखांना, माझा सल्ला असा: नौका जास्तीचे दोर टाकून बांधा आणि तुम्ही वर या. जे आधीच बाहेर ३०-४० मीटर पाण्यात आहेत त्यांनी तिथेच राहावं किंवा आणखी बाहेर सरकावं. उघड्या पाण्यात ती लाट त्यांना सहसा फारशी जाणवणार नाही. त्यांनी करायची नाही ती एकच गोष्ट म्हणजे घरच्यांच्या काळजीने बंदराकडे वळणं. हे वायरलेसवर कोण सांगणार, त्या माणसाचं नाव आराखड्यात हवं. पदाचं नको, नावाचं, आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं.

गावात लावायच्या नकाशावर समकालरेषा छापू नका. त्या तुमच्यासाठी आणि जिल्ह्याच्या कक्षासाठी. गावाच्या नकाशावर पुराची रेषा, वाटा, सडा, आणि ‘परवानगी मिळेपर्यंत खाली उतरायचं नाही’ एवढंच.

पुढची आवृत्ती पाठवाल तेव्हा ५० मीटरांच्या आतली खोली कुठल्या नकाशातून घेतली आणि शून्य कुठला धरला ते पहिल्या पानावर लिहून पाठवा. मी रेषांकडे त्यानंतर बघेन.